खड्यांचं कुंपण

बुधवारी दुपारी चार वाजता वाऱ्याने गावच्या शेती सोसायटीच्या गोदामाचे पत्रे उचलले आणि रस्त्यापलीकडच्या शेतात नेऊन टाकले. छप्पर पेलणारं आढं मधोमध मोडलं. आत कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाला लागलं नाही. खताची पोती मात्र उघडी पडली.

वारा बसला तेव्हा सोसायटीचे चेअरमन ताडपत्रीच्या एका टोकावर उभे होते. बाकीच्या टोकांवर दगड होते. चौथा दगड मिळेपर्यंत त्यांना हलता येईना, आणि दगड आणून द्यायला जवळ कोणी थांबेना. पेरणी तोंडावर आली होती. जो तो आपापलं छप्पर बघायला धावत होता.

अंधार पडायच्या आत चेअरमन सुताराच्या घरी आले. सुतार त्यांचा सख्खा पुतण्या, म्हणून हाक न मारता थेट आत येऊन बसले. त्यांचं काम दोघांकडे होतं. पुतण्याला त्यांनी सांगितलं, गोदामाचं छप्पर उद्यापासून हातात घे. पुतण्याच्या बायकोला सांगितलं, बालवर्गाची खोली रिकामी कर.

ती खोली सोसायटीचीच. पूर्वी तिथे वजनकाटा होता. काटा बंद पडल्यापासून सुताराची बायको तिथे गावातली लहान मुलं घेऊन बसायची, पहिलीत जायच्या आधीची. मुलं तिला ताई म्हणत. मग त्यांचे आईबाप म्हणू लागले, आणि आता तिच्या आईच्या वयाच्या बायकाही तिला ताईच म्हणत. खोलीला स्लॅब होता. सोसायटीच्या आवारात न गळणारी तेवढी एकच जागा उरली होती.

चेअरमन म्हणाले, छप्पर होईपर्यंतची तर गोष्ट आहे. सोमवारी दुपारी खताचा नवा ट्रक येतोय, तो कुठे उतरवू? मुलांना शाळेच्या व्हरांड्यात बसवू, पाट्या देऊ, गप्प बसायची सवय लागेल. मग जरा थांबून त्यांनी पोटातलं सांगितलं. लोक बोलतायत. शेजारच्या गावात या वयाची पोरं शंभरपर्यंत लिहून दाखवतात. आपली पोरं घरी येतात ती गुडघे मळवून. आज काय शिकलास विचारलं तर सांगतात, खेळलो.

सुताराची आई आत लसूण सोलत होती. ती आतूनच म्हणाली, "भाऊजी, वाचनालयातही पोती तात्पुरतीच ठेवली होती. आता तिथे उंदीर वाचतात."

वहिनीशी बोलण्यात चेअरमन आजवर कधी जिंकले नव्हते.

ताईने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. तिने गयावया केली नाही, वादही घातला नाही.

"काका, सोमवारी ट्रक येण्याआधी सकाळी येऊन बसा. कमिटीलाही आणा. मधे बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग ठरवा."

"आणि नाही पटलं तर?"

"तर किल्ली मीच आणून देईन."

चेअरमननी चहा संपवला, कप बशीत उपडा घातला आणि ठरलं म्हणाले. ते गेल्यावर सासू बाहेर आली. किल्ली देईन म्हणालीस, आता ती जीभ परत आत कशी घेणार आहेस, असं तिने विचारलं. ताई म्हणाली, परत घ्यायची वेळ येणार नाही. इतकं बोलून ती कप विसळायला गेली.

*

गुरुवारी उन्हं वर यायच्या आत सुतार गोदामाच्या भिंतीवर चढला. उरलेले पत्रे उचकटायचे, वाकलेले खिळे उपटायचे, वासे सुटे करून दोराने खाली सोडायचे, असं काम होतं. हाताखाली एक गडी होता. पत्रे तापले की हाताला फडकं गुंडाळूनही चटके बसत. दुपारपर्यंत सुताराची मान लाल झाली आणि उजव्या तळहातावरचा जुना घट्टा सोलला.

मोडलेलं आढं खाली आलं तेव्हा चेअरमन तिथेच होते. ते म्हणाले, मोडलंय तिथे दोन्ही अंगांनी लोखंडी पट्टी मार, बोल्ट आवळ आणि रविवारपर्यंत पत्रे चढव. मग पोती इथेच राहतील. तुझ्या बायकोच्या खोलीला हात लावायला नको. सगळ्यांचीच सोय होईल.

सुताराने हातोडीने आढ्यावर ठोकून पाहिलं. आवाज भद्द आला. त्याने पटाशी लावली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर आली ती भुसा घेऊन. वाळवीने आतून सगळं खाऊन वर नुसतं साल ठेवलं होतं.

"काका, खिळा धरायला यात लाकूडच नाही. पट्टी काय भुशाला मारू?"

"दोन पावसाळे काढेल की रे."

"खाली माणसं पोती भरत असतात."

चेअरमननी मग दुसऱ्या बाजूने सांगून पाहिलं, थोडं रागावूनही पाहिलं. सुतार आढ्यावर बसून पटाशी पुसत राहिला. नवं आढं लाकडाच्या गिरणीवर कापून घ्यावं लागणार होतं आणि ते सोमवारच्या आत येणं शक्य नव्हतं. त्याने तसं स्पष्ट सांगितलं. चेअरमन जाताना म्हणाले, तुझ्या लाकडापायी तुझ्याच बायकोची खोली जाणार, हे घरी जाऊन सांग.

जेवताना त्याने ते सांगितलं. आई म्हणाली, मोठा लाकडाचा भक्त निघालास, बायकोकडे कोणी बघायचं? सुताराने घास तसाच हातात धरला.

ताई म्हणाली, "वाळवीवर पत्रे घालून माझी खोली वाचवू नका. जेवा."

तो जेवला, पण ते शब्द त्याच्या पोटात बसले. बायकोने दोष दिला नाही, याचंच त्याला ओझं झालं. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तो गड्याला पुढे बोलूनही गेला.

*

बालवर्गाच्या खोलीत त्या आठवड्यात वादळच चाललं होतं.

खोलीत बाकं नव्हती. एका भिंतीला वाळूची पेटी, दुसऱ्या भिंतीला पाण्याची घमेली, आणि मधे सुताराकडून आलेली लाकडाची टोपली. टोपलीत त्याच्या कामातून उरलेले तुकडे असत. लांब, आखूड, तिरपे, अर्धगोल. रोजच्या कामानंतर तो त्यांच्या कडा रंध्याने मारून टोपलीत टाकायचा. कुसळ लागू नये, एवढीच त्याची अट. सुताराच्या आईने चिंध्यांच्या लहान लहान पिशव्या शिवून त्यांत वाळू भरून दिली होती.

सकाळी मुलं आली की ताई एकच विचारायची, आज काय मांडायचं? मग ती भिंतीपाशी बुटक्या पाटावर बसायची. कोणी काही बांधलं तर छान म्हणायची नाही. पडलं तर अरेरे म्हणायची नाही. कोणी बोलावलं तर जायची, विचारलं तर उलट विचारायची.

गुरुवारी मुलांनी गोदाम मांडलं. भिंती उभ्या केल्या, वर फळ्या टाकल्या, आत वाळूच्या पिशव्या रचल्या. शिंपिणीचा मुलगा वारा झाला. त्याला वकील म्हणत, कारण चार वर्षांच्या त्या पोराला अमुक कर म्हटलं की का, आणि नको म्हटलं तरी का. त्याने पुठ्ठा हलवला. छप्पर उडालं. सगळी मुलं आनंदाने ओरडली आणि पुन्हा बांधायला बसली. ते पुन्हा उडालं. शुक्रवारी फळ्यांवर पिशव्या ठेवल्या, तेव्हा छप्पर उडालं नाही पण भिंती फाकल्या. मुंगळा नावाचा एक मुलगा होता, हातात धरलेली गोष्ट सोडायची नाही म्हणून मुंगळा. तो एक भिंत दोन्ही हातांनी धरून बसला आणि डबा खायलाही उठेना.

शनिवारी गोदामाला ट्रकसाठी उतरण लागली. ती गोटीने लावली. गोटी चेअरमनची नात. गोल, गप्प, घरी पाहुणा आला की आईच्या मागे लपणारी. ती फळी लावायची, लांबून बघायची, परत काढायची. घरी जायची वेळ झाली तेव्हा गोदाम उभं होतं. ते एका अंगाला कललं होतं, पण उभं होतं. मुलांनी त्याच्याभोवती खडे मांडले.

हा त्या खोलीचा कायदा होता. जे ठेवायचं असेल त्याच्याभोवती खड्यांचं कुंपण करायचं. कुंपण असलं की आत हात घालण्याआधी बांधणाऱ्याला विचारायचं. ताईसुद्धा विचारायची. झाडायला येणारी बाई कुंपणाबाहेरूनच झाडायची. तो कायदा ताईने केला नव्हता. मुलांच्या एका भांडणातून तो निघाला होता आणि तिने फक्त मोडू दिला नव्हता.

*

रविवारी ताई आणि सासू निवडलेलं धान्य दळायला गिरणीवर गेल्या होत्या. सुतार गोदामावरून उतरला आणि खोलीची खिडकी नीट लागत नव्हती ती बघायला किल्ली घेऊन आत गेला. कमिटी उद्या येणार, निदान खिडकी तरी वाजू नये, असं त्याच्या मनात होतं.

खिडकीचं काम लगेच झालं. मग त्याला ते गोदाम दिसलं.

तो बराच वेळ बघत राहिला. डावी भिंत बाहेर झुकली होती. छपराची फळी एका टोकावर जेमतेम टेकली होती. रात्री मांजर शिरलं तरी आडवं होणार. सकाळी कमिटी येईल, आणि जमिनीवर लाकडं विखुरलेली असतील. मग चेअरमन म्हणतील, हेच का शिक्षण? घरात तोंड कसं दाखवायचं, हा विचारही त्याच्या मनात आला. गोदामाचं मोठं छप्पर वेळेत झालं नव्हतं. हे लहान तरी आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं.

तो कुंपण ओलांडून आत बसला. खिशात बारीक खिळे होते, पेटीत सरस होता. त्याने भिंती एक एक सोडवल्या, गुण्या लावून कोपरे काटकोनात घेतले, ओळंबा धरला, सांध्यांना सरस लावला आणि खिळे मारले. छपराची फळी दोन्हीकडे सारखी बाहेर काढली. उतरणीला खाली आधाराची पाचर दिली. त्याच्या हातून वाईट काम होतच नसे, तेही वाईट झालं नाही. संपल्यावर त्याने हाताने दाबून पाहिलं. जराही हललं नाही. एक खडा पायाने सरकला होता, तो त्याने परत जागेवर ठेवला.

घरी त्याने काही सांगितलं नाही. उद्या आपोआप दिसेल, असं त्याने ठरवलं. गाढ झोपला.

*

सोमवारी सकाळी कमिटी आली. चेअरमन, पिठाच्या गिरणीचा मालक आणि गळ्यात टेप घातलेली शिंपीण. ताईने तिघांना भिंतीपाशी बुटक्या पाटांवर बसवलं. गिरणीवाल्याचे गुडघे हनुवटीला लागले. सुतार दारात उभा राहिला. चेअरमननी त्याला सामान हलवायला लागलं तर म्हणून बोलावलं होतं. तो मात्र वेगळंच काही बघायला आल्यासारखा, जरासा हसत उभा होता.

मुलं आली, चपला काढल्या आणि सरळ कुंपणाकडे गेली.

वकील थांबला. एका खड्याकडे बोट करून तो म्हणाला, हा इथे नव्हता. गोटीने छपराच्या फळीला बोट लावलं. ती फळी शनिवारी बोट लावलं की डुलायची. आता डुलली नाही. मुंगळ्याने भिंतीला खांदा लावला तर सगळं गोदाम एकसंध, खोक्यासारखं जमिनीवरून सरकलं. वकील पोटावर आडवा झाला आणि आतून बघून आला.

"खिळे आहेत," तो म्हणाला.

मुलं भोवती उभी राहिली. गोटी वाकून बघत होती. ती हळूच म्हणाली, "मेलंय हे."

मग कोणी काही केलं नाही. दोघं वाळूकडे गेली आणि नुसती बसली. मुंगळ्याचे हात रिकामे होते, ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

चेअरमननी डोळ्यांवर चष्मा चढवला. ते पुढे सरकले, गोदामाकडे नीट बघितलं, कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"हे यांनी बांधलं? कोपरे बघा हो. काटकोनात आहेत." त्यांनी गिरणीवाल्याकडे बघितलं. "सूनबाई, हे आधी दाखवायचं नाही का? आम्हाला वाटलं, नुसता खेळ. हे तर काम झालं."

गिरणीवाला म्हणाला, शहरातल्या शाळेतही असं बघितलं नाही. शिंपिणीने आपल्या मुलाकडे कौतुकाने पाहिलं. वकील तोंड फिरवून उभा होता.

खोली वाचली होती. दारातल्या सुताराला ते कळलं, शिंपिणीलाही कळलं. ताईने फक्त गप्प बसायचं होतं. सुताराने तिच्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली, असू दे या अर्थाने.

ताई पाटावरून उठली.

"काका, हे मुलांचं नाही. मुलांचं शनिवारी होतं, ते वाकडं होतं. हे माझ्या नवऱ्याचं आहे."

गिरणीवाला फिसकन हसला आणि लगेच खोकला. चेअरमन अंगठा कोपऱ्यावर तसाच ठेवून दाराकडे वळले.

"तू?"

"पडेल असं वाटलं," सुतार म्हणाला.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. गुरुवारी याच काकांना तोंडावर नाही म्हणणारा माणूस आता चौकटीच्या लाकडाकडे बघत होता. वकील त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला वर बघावं लागत होतं, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"सुतारकाका, कुंपण होतं ना?"

"होतं."

"मग विचारलं का नाही?"

मोठ्या माणसांना देण्यासारखी दोन-तीन उत्तरं सुताराजवळ होती. ती या पोरापुढे चालणार नव्हती.

"चुकलं," तो म्हणाला.

"मग काढून द्या."

सुतार पेटी घेऊन आत आला, आणि कुंपणापाशी थांबला. गोटीने मान हलवली तेव्हा त्याने पाय आत टाकला.

*

खिळे काढायला मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खालच्या लाकडाला खोक पडू नये म्हणून तो पकडीखाली पातळ चिपाट ठेवत होता. मुलं अंगावर रेलून बघत होती. निघालेला प्रत्येक खिळा मुंगळ्याने डब्यात टाकायचा, असं आपोआप ठरलं. डबा वाजायचा. सरस लावलेले सांधे सुटेनात. सुताराने पटाशी लावून एक सोडवला, दुसरा सोडवताना उतरणीची फळी उभी चिरली.

ती गोटीची फळी होती. सुताराने दोन्ही तुकडे हातात धरले. दुसरी आणून देतो, असं तो म्हणू लागला. गोटीने तुकडे घेतले, शेजारी शेजारी ठेवले, मग जरा लांब केले.

"एक चाक इथून, एक चाक इथून," ती म्हणाली. आणि त्याला विसरून गेली.

मग गोदाम परत उभं राहू लागलं. या वेळी ठेंगणं आणि रुंद. लाकडांना खिळ्यांची भोकं पडली होती, तर वकिलाने त्यांतून काड्या घातल्या आणि या खिडक्या म्हणून जाहीर केलं. दोन खांब एकाच वेळी धरल्याशिवाय वरची फळी बसत नव्हती. मुंगळ्याच्या हातात आधीच भिंत होती. वकिलाच्या हातात पुठ्ठा होता, तो वारा असल्याने त्याला धरायचं काम सांगताच येत नव्हतं. गोटीने खोलीत नजर फिरवली.

"आजोबा, इकडे या. हात इथे. हा दुसरा इथे. हलू नका."

चेअरमन उठले आणि कुंपणात येऊन गुडघ्यांवर बसले. गुडघे मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोन हातांत दोन खांब धरून ते थांबले. घरी चार माणसांत तोंड न उघडणारी नात त्यांना हुकूम सोडत होती, आणि तिच्या सांगण्यात लाडीगोडी नव्हती. ती खांब धरायला माणूस शोधत होती आणि ते सापडले होते, इतकंच. ते काहीतरी विचारायला तोंड उघडणार तोच शिंपीण म्हणाली, "बोलायचं नाही ठरलंय." त्यांनी तोंड मिटलं.

फळी चढायच्या आधीच भांडण लागलं. वकील वारा घालू लागला. गोटी म्हणाली, छप्पर झाल्याशिवाय वारा नाही. वकील म्हणाला, वारा कुठे विचारून येतो? त्या दिवशी आला का विचारून? सगळ्यांनी काम थांबवलं. ताई पाटावरच होती. गिरणीवाल्याला राहवेना, तो तिला खुणेने सांगत होता की मिटव बाई. तिने बोट ओठांवर ठेवलं.

"बाहेरचा वारा विचारत नाही," गोटी शेवटी म्हणाली. "पण तू आतला आहेस."

वकिलाने याचा विचार केला आणि पुठ्ठा खाली ठेवला. मग दोघांनी पिशव्या वाटून घेतल्या. त्याच्याकडे लहान होत्या, तिच्याकडे मोठ्या. एका मोठीला दोन लहान असा भाव ठरला. भाव पाळला जातोय का हे वकिलाने परत मोजून पाहिलं, आणि एक कमी निघाली ती वसूल केली. चेअरमनचा घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला. तो पुसायला हात नव्हता. गिरणीवाला एकदा म्हणाला, मला गिरणी उघडायचीय, निघू या का? चेअरमननी फक्त मान हलवली, तीही अगदी थोडी, खांब हलू नयेत इतकी.

फळी चढली. छपरावर पिशव्या आल्या. गोटीने विचारलं, आता? वकील वारा झाला. एक फळी सरकली, एक पिशवी पडली, बाकी राहिलं. मुलं लांब होऊन बघत बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मुंगळ्याने आपणहून खडे गोळा केले आणि कुंपण मांडायला घेतलं. खडे चेअरमनच्या पाठीमागून गेले. ते आतच राहिले.

"जाऊ का?" त्यांनी विचारलं.

गोटीने गोदामाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"जा. हळू."

*

मुलं घरी गेल्यावर ताईने कुलूप लावलं. चेअरमन बाहेर उभे होते. पटलं का, असं तिने विचारलं नाही. ते म्हणाले, मलाच अजून ठाऊक नाही. ट्रक आल्यावर बघू, तोवर किल्ली माझ्याकडे असू दे. तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि घरी जाऊन भांडी घासायला बसली. सासूने विचारलं, दिलीस? ताई म्हणाली, मागितली म्हणून दिली. सासू म्हणाली, सरळ गप्प बसली असतीस तर आता खोलीची किल्ली कनवटीला असती. जरा वेळाने तिनेच पुढे म्हटलं, पण मग ती पोरं तुझ्याकडे कशी बघणार होती.

सुतार दुपारी जेवायला आला नाही. नवं आढं लाकडाच्या गिरणीवरून आलं होतं आणि तो ते आवारातच तासत होता. पश्चिमेकडून ढग येत होते. ताई डबा घेऊन गेली तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, रागावलीस? ती म्हणाली, रागावले होते, खिळे निघाले तेव्हा राग गेला. मग ती आढ्याच्या एका टोकाशी बसली आणि तो दुसऱ्या टोकाशी दोरी धरून रेघ मारत होता तेव्हा दोरीचं आपल्याकडचं टोक तिने दाबून धरलं.

ट्रक आला तेव्हा वारा सुटला होता. ड्रायव्हरने विचारलं, कुठे लावू? चेअरमननी खोलीकडे बोट केलं, कुलूप काढलं, दार उघडलं. पहिला हमाल पोतं पाठीवर घेऊन उंबऱ्याशी आला. चेअरमन दारातच उभे होते.

"थांब," ते म्हणाले.

हमाल वाकूनच उभा राहिला. काय झालं, त्याने खालूनच विचारलं.

"आत कुंपण आहे."

हमालाने मान वाकडी करून बघितलं. खोलीच्या मधोमध लाकडाचं काहीतरी ठेंगणं, वाकडं उभं होतं. भोवती खडे होते.

"हे खडे? पायाने सारतो की."

"विचारावं लागतं."

"कोणाला?"

"बांधणारीला. ती झोपलीय घरी."

हमालाने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरला वाटलं चेअरमन थट्टा करतायत, तो हसला, पण चेअरमन हसले नाहीत. हमालाने पोतं परत ट्रकवर टाकलं. उठवा की मग, ड्रायव्हर म्हणाला, आभाळ बघताय ना? चेअरमन म्हणाले, उठवली तर नाही म्हणेल. आणि ते पायरीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

सुताराच्या आईने रस्त्यावरून जाताना हे सगळं बघितलं. थांबून म्हणाली, "भाऊजी, पोरीनं तुम्हाला परत कामाला लावलं वाटतं?" ती पुढे गेली नाही, शेजारी बसली.

पाच वाजता परिस्थिती अशी होती. ट्रक भरलेलाच उभा होता आणि त्याची ताडपत्री चारी टोकांना बांधलेली होती. नव्या आढ्याचं एक टोक गोदामाच्या भिंतीवर चढलं होतं, दुसरं सुताराच्या आणि गड्याच्या खांद्यावर होतं, आणि दोर ताईच्या हातात होता. खोलीचं दार उघडं होतं. किल्ली कुलपात होती. गोटी अजून उठली नव्हती.